एफएमटी म्हणजे न्यायवैद्यक शिकणाऱ्या पोरांनो, केसपेपरवर पहिली ओळ काय लिहिता ते बघा

बोरीकाठ

राम राम मंडळी. खूप दिवसांपासून लिहायचं होतं, आज नाईट करून आलोय आणि झोप येत नाहीये म्हणून लिहूनच टाकतो. मी खान्देशातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मेडिकल ऑफिसर आहे, चौदा वर्षं झाली. दरवर्षी आमच्याकडे इंटर्न पोरंपोरी येतात, हुशार असतात, हाताने चांगली असतात, सलाईन लावायला एकदा सांगितलं की पुन्हा सांगावं लागत नाही. पण न्यायवैद्यक म्हटलं की सगळ्यांचं एकच, परीक्षेपुरतं वाचलं, सुटलो. आणि मग कॅज्युअल्टीत पहिल्याच रात्री विषबाधेची केस येते तेव्हा केसपेपरवर जी पहिली ओळ लिहिली जाते ती बघून माझ्या पोटात गोळा येतो, कारण तीच ओळ मी पण लिहिली होती.

सात-आठ वर्षं झाली असतील. ऑगस्ट महिना, कपाशीवर फवारणी जोरात चालू. रात्री साडेआठला एक पेशंट आणला, चौतिशीचा पोऱ्या, टेम्पोत टाकून आणलेला. तोंडातून फेस, डोळ्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीत घरघर, मांडीचे स्नायू कातडीखाली वळवळत होते, नाडी संथ. ऑर्गॅनोफॉस्फरस, म्हणजे फवारणीच्या कीटकनाशकातलं विष, विचार करायची गरजच नव्हती. अ‍ॅट्रोपीन हा उतारा सुरू केला, नळी टाकून पोट धुतलं, अंगावरचा शर्ट औषधाने चिंब होता तो कापून काढला, अंग साबणाने धुवायला लावलं. इथपर्यंत ठीक. आणि केसपेपरवर लिहिलं, "विषप्राशन केल्याने दाखल". का लिहिलं? कारण त्या आठवड्यातल्या आधीच्या चार केसेस तशाच होत्या आणि हात आपोआप तेच लिहून मोकळा झाला. भाऊ शेजारी उभा होता, त्याला मी एका शब्दाने विचारलं नाही. पोट धुतलेलं पहिलं पाणी बादलीतून गटारात गेलं. शर्ट कचऱ्यात.

जिल्ह्याला पाठवला, तिसऱ्या दिवशी तो गेला. पीएम म्हणजे शवविच्छेदन झालं, व्हिसेरा म्हणजे तपासणीसाठी काढलेले आतले अवयव नाशिकला गेले, सीए म्हणजे रासायनिक विश्लेषकाच्या रिपोर्टमध्ये ऑर्गॅनोफॉस्फरस निघालं. पण ते तोंडावाटे गेलं की कातडीतून हे रिपोर्टात नव्हतं. घरच्यांचं म्हणणं होतं की तो दुपारभर वाऱ्याच्या तोंडावर फवारत होता, पंप गळका होता, पाठ पूर्ण भिजली होती. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत फवारणीची विषबाधा बसते, दोन लाख मिळतात, आत्महत्या बसत नाही. फाइल परत आली. कारण एकच लिहिलेलं, दवाखान्याच्या कागदावर "विषप्राशन" अशी नोंद आहे.

त्याची बायको तो कागद घेऊन माझ्यासमोर उभी होती, कडेवर पोरगी. ती काही बोलली नाही, तिने फक्त त्या शब्दावर बोट ठेवलं.

पोरांनो, आपल्या मराठीत दोन शब्द आहेत, विषप्राशन आणि विषबाधा. प्राशन म्हणजे प्यायला. बाधा म्हणजे झाली, कशी झाली ते अजून माहीत नाही. तुम्ही तिथे नव्हता, तुम्ही प्यायलेलं बघितलं नाही, तर प्राशन लिहायचा तुम्हाला काय अधिकार? लिहा की "पेशंटच्या भावाने सांगितल्याप्रमाणे दुपारी अमुक वाजता कपाशीवर फवारणी करताना चक्कर आली." कोणी सांगितलं, त्याचं नातं काय, किती वाजता सांगितलं. आणि मग तुमचं स्वतःचं बघितलेलं वेगळं लिहा, कपड्याला वास आहे का, ओठाला आतून लाली किंवा भाजल्यासारखं आहे का, पाठ-खांदे ओले होते का, उलटीला वास कसला. पोट धुतलंच तर पहिलं पाणी बाटलीत काढून सील करून ठेवा. मी ते ठेवलं असतं तर त्या पाण्यात औषध होतं की नव्हतं एवढं तरी कळलं असतं.

कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा. इथे कोर्टातले, कॉलेजातले लोक पण आहेत, त्यांनी पण लिहा.


मृगबहार

सर अंगावर काटा आला वाचून. मी थर्ड इयरला आहे. आम्हाला विषांची वर्गवारी पाठ आहे, दाहक, क्षोभक, मेंदूवर काम करणारी, हृदयावर काम करणारी वगैरे, पण पेशंट समोर आल्यावर यातलं काय कामाला येतं ते कोणी सांगत नाही. एक विचारते, बाटली नातेवाईकांनी आणली तर त्यावर नेमकं काय बघायचं?


बोरीकाठ

@मृगबहार, पहिलं म्हणजे बाटली आणायलाच लावायची, फोन करून शेतातून मागवायची. लेबलवर टोकावर उभा केलेला चौकोन असतो, त्याचा खालचा अर्धा भाग रंगीत. लाल म्हणजे अति तीव्र, पिवळा त्याखालोखाल, मग निळा, मग हिरवा. लाल असेल तर वर कवटी पण असते. पण रंगापेक्षा आतल्या घटकाचं नाव महत्त्वाचं, कारण दुकानातलं नाव वेगळं आणि आत काय ते वेगळं. ऑर्गॅनोफॉस्फरस असेल तर अ‍ॅट्रोपीन आणि प्रॅलिडॉक्झिम. तणनाशक पॅराक्वाट असेल तर उतारा नाही, आणि सवयीने ऑक्सिजन लावायला जाल तर फुप्फुस अजून खराब होतं, अगदीच कमी पडला तरच लावायचा. दोन्ही बाटल्या शेतात एकाच फळीवर असतात. म्हणून बाटली बघितल्याशिवाय तर्क लढवायचा नाही.

आणि अ‍ॅट्रोपीन देताना नुसत्या बाहुल्या बघत बसू नका, छाती कोरडी झाली का ते ऐका. काखेत हात घालून बघा, काख कोरडी पडली, नाडी ८० च्या वर गेली, छातीतली घरघर गेली, म्हणजे पोचलं. बाहुली सगळ्यात शेवटी सांगते.


जुना_मास्तर

धागा चांगला काढलात. मी न्यायवैद्यक शिकवायचो, आता रिटायर. व्हिसेऱ्याबद्दल लिहितो कारण सगळ्यात जास्त घोळ तिथे होतो. पोट त्यातल्या सगळ्या ऐवजासकट, लहान आतड्याचा वरचा साधारण ३० सेंमीचा तुकडा, यकृत, प्लीहा आणि दोन्ही मूत्रपिंडांचा अर्धा अर्धा भाग. पोरं एकच मूत्रपिंड पूर्ण टाकतात, आणि नेमकं तेच काम करत नसलं तर? म्हणून दोन्हींचा अर्धा. काचेची रुंद तोंडाची बरणी, दोन तृतीयांशच्या वर भरायची नाही, कारण सडताना गॅस होतो आणि झाकण उडतं, बरणी वाटेत फुटते. आपल्याकडे मे महिन्यात गाडीतून नाशिकपर्यंत जाईस्तोवर काय होत असेल ते कल्पना करा.

बहुतेक वेळा मिठाचं संपृक्त द्रावण चालतं, सगळीकडे मिळतं, स्वस्त आहे. रेक्टिफाइड स्पिरिट पण वापरतात पण दारू, रॉकेल, फिनॉल असा संशय असेल तिथे ते अजिबात चालत नाही, तुम्हीच अल्कोहोल घालून अल्कोहोल शोधायला पाठवणार का. रक्ताला सोडियम फ्लोराइड आणि पोटॅशियम ऑक्झलेट. आणि हे खास लक्षात ठेवा, जे द्रावण घातलं त्याचा नमुना वेगळ्या बाटलीत सोबत पाठवायचा, म्हणजे उद्या वकील म्हणाला की विष तुमच्या मिठातच होतं तर उत्तर आहे. फॉर्मॅलिनमध्ये मात्र व्हिसेरा कधीच ठेवायचा नाही, ते हिस्टोपॅथॉलॉजीला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बघायला. मी एकदा सहा महिने थांबून आलेला रिपोर्ट बघितला, फॉर्मॅलिनमध्ये आल्यामुळे तपासणी करता आली नाही एवढंच लिहिलेलं. एका बापाने ते सहा महिने मोजून काढले होते.


कपाशीवाला_पारोळा

डॉक्टरसाहेब तुमनं म्हननं खरं शे. आमना गावमा असंच जयं व्हतं, पन ते सापनं.

माझा चुलता खळ्यात खाली गोधडी टाकून झोपायचा. पावसाळ्यात पहाटे उठला आणि म्हणे पोटात दुखून राहिलंय, घशात अडकल्यासारखं होतंय. कुठे चावल्याची खूण नाही, सूज नाही. आम्हाला वाटलं पित्त. थोड्या वेळाने पापण्या उघडेनात, बोलणं बोबडं झालं, मग दवाखान्यात नेलं तर वाटेतच गेला. दवाखान्यात म्हणाले पीएम करावं लागेल. माझ्या आजीने हात जोडले, माझ्या लेकाची चिरफाड नका करू. आम्ही पण भांडलो, घेऊन आलो, अग्नी दिला. नंतर कळलं सर्पदंशाचं अनुदान मिळतं पण पीएमचा कागद पाहिजे. आता काय करता. मला एवढंच विचारायचंय की घरचे नाही म्हणाले तर डॉक्टरने सोडायचं असतं का?


बोरीकाठ

भाऊ, फार वाईट झालं. तुमच्या वर्णनावरून तो मण्यारच असावा. जमिनीवर झोपलेल्याला रात्री चावतो, दुखत नाही, सूज नाही, खूण कित्येकदा सापडत पण नाही, आणि पहाटे पोटदुखी न् पापण्या जड. इथल्या प्रत्येक विद्यार्थ्याने हे वाक्य लिहून ठेवा, पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखी आणि पापण्या जड घेऊन आला तर मण्यार समजूनच चाला. घोणस-फुरशाचं वेगळं, तिथे रक्त गोठत नाही. त्याला स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत थोडं ताजं रक्त घ्यायचं, २० मिनिटं हलवायचं नाही, मग आडवी करून बघायची, वाहिलं तर विष रक्तात आहे. एवढी साधी टेस्ट, लॅब लागत नाही. पण मण्यारात ही टेस्ट नॉर्मल येते आणि पोरं निर्धास्त होतात, तिथे माणूस जातो.

पीएमचं पाझराकाठ वकीलसाहेब नीट सांगतील.


पाझराकाठ_वकील

सांगतो. मृत्यू अनैसर्गिक किंवा संशयास्पद असेल तर दवाखान्याने पोलिसांना कळवायचं, पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात, पंचनामा करतात आणि बॉडी पीएमला पाठवतात. पूर्वी सीआरपीसी म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४ होतं, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९४. अशा पीएमला नातेवाइकांची संमती लागत नाही, म्हणून ती मागूच नये, मागितली की लोकांना वाटतं नाही म्हणता येतं. संमती लागते ती आजार शोधण्यासाठी दवाखाना स्वतःहून करतो त्या पीएमला. सर्पदंश, वीज पडणे, विहिरीत पडणे, शॉक, फवारणी, हे सगळे पहिल्या प्रकारात.

पण कायदा सांगून भागत नाही हो. कपाशीवाल्या भाऊंच्या आजीला त्या क्षणी कोणीतरी शेजारी बसवून सांगायला पाहिजे होतं, की आजी, या कागदावर तुमच्या सुनेचं न् नातवंडांचं पुढचं अवलंबून आहे. पाच मिनिटं लागतात.

लग्नाला सात वर्षं झाली नाहीत अशी बाई गेली तर पंचनामा कार्यकारी दंडाधिकारी म्हणजे बहुतेक वेळा तहसीलदार करतात. कोठडीतला मृत्यू असेल तर न्यायदंडाधिकारी.

विद्यार्थ्यांना अजून एक. नवीन कायदे आले म्हणून जुने विसरू नका. गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधीचा असेल तर तो आयपीसी म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेतच चालणार, तुम्हाला साक्षीला पाच वर्षांनी बोलावतील तेव्हा पण. उदाहरण देतो. गंभीर दुखापत ठरवताना आठ प्रकार आहेत, त्यातल्या शेवटच्यात जुन्या ३२० कलमात २० दिवस होते, भारतीय न्याय संहितेच्या ११६ मध्ये १५ दिवस आहेत. तुम्ही सर्टिफिकेट देताना कुठल्या तारखेची मारामारी आहे ते बघा. आमच्याकडे बांधावरून भाऊबंदकी झाली की काठ्या निघतात, दात पडला तर लोक म्हणतात दातच तर आहे. दात तुटला किंवा निखळला तरी ती गंभीर दुखापत आहे. पण दात आधीच पायरियाने हलत होता का हे त्याच वेळी हिरडी बघून लिहायचं, वर्षभराने कोर्टात विचारलं तर कुठून सांगणार.


मृगबहार

जखमांचंच विचारायचं होतं. काठीचा मार डोक्याला लागला तर ती चाकूसारखी दिसते असं वाचलंय, मग कॅज्युअल्टीत ओळखायचं कसं?


जुना_मास्तर

भिंग घ्या. खिशात दहा वीस रुपयांचं भिंग ठेवा, माझ्या प्रत्येक बॅचला मी हेच सांगितलं. डोक्याची कातडी कवटीवर ताणलेली असते म्हणून काठीने पण सरळ चीर पडते. पण भिंगातून बघा, कडा किंचित चेंगरलेल्या असतात, केसांची मुळं ठेचलेली असतात, आणि जखमेच्या आत एका कडेकडून दुसऱ्या कडेला गेलेले बारीक धागे दिसतात, नसा-तंतू न तुटता राहिलेले. धारदार शस्त्राने ते सगळे साफ कापले जातात, केस पण कापलेले दिसतात. हे टाके घालायच्या आधी बघायचं आणि लिहायचं, टाके पडल्यावर काही उरत नाही.

मुक्या माराचा रंग पण लिहा, नुसतं "मुका मार" नको. ताजा लाल, मग निळा, चौथ्या दिवसाच्या आसपास काळपट तपकिरी, पाचव्या-सहाव्याला हिरवट, नंतर पिवळा, दोन आठवड्यांत जातो. एकाच पाठीवर हिरवा, निळा, लाल तिन्ही असले तर मार एका दिवशीचा नाही. बाईच्या पाठीवर हे दिसलं तर तिला एकटीला बसवून विचारा.

आणि बिब्बा विसरू नका. आपल्या भागात बिब्बा घरोघर. कोणी खोटी तक्रार करायला बिब्ब्याचा रस लावून आलं तर डाग मुक्या मारासारखाच काळा दिसतो. पण कडेला बारीक फोड असतात, खाज सुटते, खाजवल्याने बोटांवर पण उठतं, आणि जिथे स्वतःचा हात पोचतो तिथेच असतो. रंग वर सांगितल्यासारखा बदलत नाही.


सिस्टर_बर्न्सवॉर्ड

मी डॉक्टर नाही, सिस्टर आहे, बरीच वर्षं जळीत वॉर्डला काढली. मला मृत्युपूर्व जबाबाबद्दल लिहू द्या.

जळालेली सून येते. पहिला एक दीड तास ती पूर्ण शुद्धीत असते, बोलते, पाणी मागते. नंतर नाही. तहसीलदारांना बोलावणं जातं, ते येईपर्यंत वेळ जातो. तोवर तिच्या कॉटजवळ कोण उभं असतं? सासू, नणंद, नवरा. ती त्यांच्याकडे बघते आणि म्हणते, स्टोव्हचा भडका झाला. मी हे माझ्या डोळ्यांनी बघितलंय की तेच लोक चहा प्यायला बाहेर गेले आणि तिने माझा हात धरून वेगळं सांगितलं. डॉक्टरांना मी लगेच बोलावलं, त्यांनी दोन साक्षीदार ठेवून तिच्याच शब्दांत लिहून घेतलं. तिच्याच शब्दांत म्हणजे ती अहिराणी बोलली तर अहिराणीत. शुद्ध मराठी करायचं नाही.

इंटर्न डॉक्टरांना माझी हात जोडून विनंती आहे, जबाब घेताना खोलीतून सगळ्यांना बाहेर काढा.


पाझराकाठ_वकील

सिस्टर, तुमचं म्हणणं कोर्टात सोन्यासारखं आहे. कायद्याची बाजू जोडतो. साक्ष अधिनियमाचं जुनं ३२(१), आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं २६(अ). दंडाधिकाऱ्याने घेतलेला जबाब सगळ्यात भारी पण वेळ नसेल तर डॉक्टर घेऊ शकतो, कोणीही घेऊ शकतो. शपथ देत नाहीत. सुचवणारे प्रश्न विचारायचे नाहीत, "सासूने पेटवलं का" असं नाही, "काय झालं" असं. डॉक्टरने शुद्धीत असल्याचा दाखला जबाबाच्या सुरुवातीला द्यावा आणि शेवटी पण द्यावा, मधे शुद्ध गेली नाही हे दिसतं. लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य, २००२, घटनापीठ म्हणालं की दाखला नाही एवढ्याच कारणाने जबाब फेकून देता येत नाही, पण म्हणून आळस करू नका, उलटतपासणीत पहिला प्रश्न त्यावरच येतो.

बाई वाचली तर तो मृत्युपूर्व जबाब राहत नाही, पण तिच्या साक्षीला आधार म्हणून वापरता येतो.


सातपुड्यातली_डॉक्टर

मी धडगावकडच्या पाड्यांवर काम केलंय. अत्याचार झालेली मुलगी आली तर काय हे पण इथे लिहिलं पाहिजे, कारण यात आपण डॉक्टर लोकच चुकतो.

पोलिसांचं पत्र नाही म्हणून परत पाठवायचं नाही. आधी उपचार, आणि ते मोफत, खाजगी असो की सरकारी, नागरिक सुरक्षा संहिता कलम ३९७. न दिल्यास न्याय संहितेच्या २०० मध्ये शिक्षा आहे. तपासणीला तिची संमती, लहान असेल तर पालकांची. १८ च्या आतली असेल तर पॉक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याच्या कलम १९ खाली कळवावंच लागतं, डॉक्टरला पर्याय नाही. टू फिंगर टेस्ट, म्हणजे योनीत दोन बोटं घालून केलेली तपासणी, करायची नाही, सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये सांगितलं आणि २०२२ मध्ये परत सांगितलं की जो करेल तो गैरवर्तनाला जबाबदार. तरी छापील जुने फॉर्म पडलेले असतात आणि त्यात ते रकाने असतात, भरू नका, आडवी रेघ मारा.

आणि रिपोर्टात "बलात्कार झाला" किंवा "झाला नाही" असं लिहायचं नाही, तो शब्द कायद्याचा, निकाल कोर्टाचा. अंगावर जखमा नाहीत म्हणजे तिची संमती होती असा अर्थ होत नाही, घाबरलेली पोर गप्प पडून राहते. मी एका तेरा वर्षांच्या पोरीला तपासलं, ती पूर्ण वेळ खिडकीतून सागाच्या झाडाकडे बघत होती, अंगावर एक ओरखडा नव्हता. ते मी तसंच लिहिलं, आणि पुढे लिहिलं की यावरून प्रतिकार किंवा संमतीबद्दल मत देता येत नाही.


शिरपूरकर_९

वैद्यकीय निष्काळजीपणाचं कोणी सांगेल का, पेपरात रोज येतं डॉक्टरवर गुन्हा म्हणून.


पाझराकाठ_वकील

थोडक्यात. ग्राहक कायद्यात डॉक्टर येतो हे १९९५ च्या शांता केसमध्ये ठरलं. फौजदारीत २००५ ची जेकब मॅथ्यू, साधी चूक पुरत नाही, ढोबळ निष्काळजीपणा लागतो, आणि कारवाईआधी दुसऱ्या निष्पक्ष डॉक्टरचं मत घ्यावं, शक्यतो सरकारी डॉक्टरचं. आयपीसीचं जुनं ३०४अ आता न्याय संहितेचं १०६(१), डॉक्टरला उपचार करताना झालं असेल तर जास्तीत जास्त दोन वर्षं. रेकॉर्ड पेशंटने मागितलं की ७२ तासांत द्यायचं. इमर्जन्सीत पोलीस केस आहे म्हणून हात न लावणं हा १९८९ च्या परमानंद कटारा निकालानंतर बहाणा राहिलेला नाही.


मृगबहार

जुन्या मास्तरांना एक प्रश्न. पुस्तकात मृत्यूची वेळ काढायला शरीर तासाला इतकं थंड होतं असं गणित आहे. पण आपल्याकडे मे महिन्यात भुसावळला ४५ च्या वर पारा जातो, मग बॉडी थंड होणार कशी?


जुना_मास्तर

हाच प्रश्न विचारायला पाहिजे, शाब्बास. होत नाही. बाहेर ४४ आणि आत ३७ असेल तर उष्णता बाहेरून आत जाते, बॉडी गरमच राहते, कधी वाढते पण. उन्हात पत्र्याच्या खोलीतली बॉडी गरम लागली म्हणून "नुकताच मृत्यू" लिहिलं तर एखादा निर्दोष माणूस अडकेल. ताठरपणाचं पण तसंच, १२ तासांत येतो, १२ राहतो, १२ मध्ये जातो हा ठोकताळा आहे, आपल्या उन्हाळ्यात लवकर येतो न् लवकर जातो. कुजण्याचा पहिला हिरवा डाग पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला, उन्हाळ्यात १२ ते १८ तासांत. म्हणून नेहमी जागेचं तापमान, पत्रा की झाड, कपडे, सावली हे पंचनाम्यातून वाचा, आणि वेळ सांगताना "इतके ते इतके तास" असं अंतर ठेवून सांगा. एका आकड्यावर अडून बसू नका.


मृगबहार

धन्यवाद सर. मी आज एक केलं ते सांगते. धोतऱ्याचं बी आणि मिरचीचं बी यातला फरक आम्हाला तक्त्यात पाठ आहे पण बघितलेलं कधी नव्हतं. आमचं घर नंदुरबारला, मिरचीच्या पथारी शेजारीच, तिथून बी आणलं, धोतरा नाल्याकाठी होताच. दोन्ही ओली करून ब्लेडने उभी कापली आणि भिंगाने बघितली. मिरचीचं बी पिवळट, गोलसर, गुळगुळीत. धोतऱ्याचं गडद तपकिरी, चपटं, मूत्रपिंडासारखं, वर बारीक खड्डे, आणि कडेला दुहेरी कड खरंच दिसते. कापल्यावर धोतऱ्यातला कोंब बाहेरच्या अंगाला वळलेला, मिरचीतला आतल्या अंगाला. प्रसादात नाहीतर भाजीत धोतरा घातला तर उलटीत हे बी सापडू शकतं, आता मी ओळखेन. बाहुल्या मोठ्या, तोंड कोरडं, अंग तापलेलं, बडबड, म्हणजे फवारणीच्या केसच्या अगदी उलट, ते पण आता डोक्यात पक्कं बसलं.


बोरीकाठ

वा पोरी. ते बी कापलेलं काचेच्या पट्टीवर चिकटवून ठेव, तुझ्या ज्युनियर्सना दाखव.


कपाशीवाला_पारोळा

डॉक्टरसाहेब, त्या बाईचं पुढे काय जयं? ते तुम्ही सांगितलं नाही.


बोरीकाठ

सांगतो. मी लेखी खुलासा दिला, की ती नोंद कोणालाही न विचारता मी लिहिली होती, पेशंटचा शर्ट पाठीवर औषधाने भिजलेला मी स्वतः पाहिला होता. नशिबाने पोलिसांच्या पंचनाम्यात शेतातला पंप, त्याचा सैल वॉशर आणि अर्ध्यात सोडलेली सरी नोंदवलेली होती. त्या हवालदाराने वाकून तो वॉशर बघितला होता. भावाचा जबाब झाला. पावणेदोन वर्षांनी पैसे आले. तोवर तिने दोन बिघे गहाण टाकले होते, ते काही सुटले नाहीत.

त्यानंतर मी एक शिक्का करून घेतला, विषबाधा, जळीत, सर्पदंश, मारामारी कुठलीही एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची केस, आली की केसपेपरवर आधी तो मारायचा, मग इतर.


मृगबहार

सर शिक्क्यावर काय आहे ते इथे टाका ना, आम्ही पण करून घेऊ.


बोरीकाठ

माहिती देणारा ____ नातं ____ वेळ ____ त्याच्या शब्दांत काय झालं ____ कपडे ठेवले हो / नाही ____ पहिलं धुतलेलं पाणी ठेवलं हो / नाही ____ बाटली / पुडी / बी आणली हो / नाही ____ मी स्वतः काय पाहिलं ____


सिस्टर_बर्न्सवॉर्ड

डॉक्टर, त्यात एक रकाना वाढवा. सांगताना पेशंटजवळ कोण उभं होतं ____